धाकटीच्या नावाचं मुखत्यारपत्र

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणतं. माझ्या थोरल्या बहिणीकडे ही म्हण पहिल्यापासून उलटी चालायची. दुसऱ्यांची कार्टी तिच्या डोक्यावर बसलेली चालत. आपला बाब्या, म्हणजे मी, बासष्टाव्या वर्षीही चपला सरळ काढल्या नाहीत म्हणून बोलणी खात असे. ती मला बाब्या म्हणते म्हणून तिच्या पाळणाघरातली चौदा पोरं मला बाब्यामामा म्हणत. पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढलेल्या, साहेबांनाही फाईल सहीशिवाय न देणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागे.

तिला मात्र सगळे मावशी म्हणत. पोरं म्हणत, पोरांचे आईबाप म्हणत, आईबापांचे आईबापही म्हणत, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले निवृत्त पोस्टमनसुद्धा म्हणत. लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, केलं असतं तर एकाच माणसाचा रुसवा काढत बसले असते, इथं निदान बदल असतो. सत्तावीस वर्षांपूर्वी शेजारणीला नोकरी लागली म्हणून तिची दोन मुलं ताईनं दिवसभर ठेवून घेतली, आणि मग ती संख्या कधी खाली आली नाही.

तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. भिंतीला माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र: होडी, छत्री, चमचा, कासव. दोन वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाव वाचता येत नाही, पण आपलं कासव कुणी पळवलं तर बरोबर कळतं. आत गेलं की पावडर, तापलेलं दूध आणि ओले मोजे यांचा मिळून एक वास यायचा. घरी परतल्यावरही तो माझ्या शर्टाला असायचा आणि मला तो आवडायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

पोरांशी ती अदबीनं बोलायची. “अहो राजे, डावा बूट कुठं ठेवलात?” रडणाऱ्या पोराला ती कधी रडू नको म्हणाली नाही. “रडून झालं की सांग, मग आपण बघू,” असं म्हणून ती शेजारी बसून घड्या घालत राही. पोर थोडं रडे, मग तिच्याकडे बघे, आणि थोड्या वेळानं खरंच येऊन सांगे, झालं.

एका बाबतीत मात्र ती दगड होती. संध्याकाळी पोर परत देण्याची तिची एक रीत होती. दाराशी बाक होता. न्यायला येणाऱ्यानं आधी त्या बाकावर बसायचं. ताई पोराचं कार्ड काढायची. त्यावर आईबापांनी स्वतःच्या हातानं तीन नावं लिहिलेली असत, आणि त्या तिघांशिवाय पोर कुणाच्याही हाती दिलं जात नसे. मग आज काय खाल्लं, किती झोपलं, कुठं पडलं हे सांगून ती पोराचा हात समोरच्याच्या हातात द्यायची. एका मुलीच्या सख्ख्या आजोबांना, नाव लिहायचं राहिलं म्हणून, तिनं आई येईपर्यंत सव्वा तास बसवून ठेवलं होतं. आजोबा चिडले, वर तक्रार करीन म्हणाले. ताईनं त्यांना दूध दिलं, नात दिली नाही.

तिच्या हाताखाली धाकटी होती. अकरा वर्षांपूर्वी भांडी घासायला म्हणून आली. तेव्हा तिच्याहून मोठी एक मदतनीस होती, म्हणून ही धाकटी. मोठी सोडून गेली, नाव तेवढं राहिलं. आता ती चाळिशीची, सातवीपर्यंत शिकलेली, दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलणारी बाई होती. माझ्याशी तर “मामा, पाय उचला, पुसायचंय,” यापलीकडे तिचं बोलणं नसे.

गेल्या वर्षी ताईला जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप पार गेली आहे, बदलावी लागेल. छाती उघडायची, पंधरा दिवस दवाखाना, आणि पुढं तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. ताईनं विचारलं, सगळ्यात हलकं पोर नऊ किलोचं आहे, त्याचं काय? डॉक्टर हसले. तिनं विनोद केलेला नव्हता.

ऑपरेशनपेक्षा तिला भाडेकराराची धास्ती होती. करार महिनाअखेर संपत होता. शेवटच्या तारखेपर्यंत दोघांच्या सह्या झाल्या तर तो पुढं तीन वर्षं चालणार, नाही झाल्या तर संपणार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकाच्या मुलाला त्या खोल्यांत व्यायामशाळा काढायची होती. घरमालक मुलीकडे गावाला गेला होता आणि नेमका शेवटच्या दिवशी सकाळी परतणार होता. दवाखान्यानं ऑपरेशनला दिलेला दिवसही तोच. ताईनं फोन करून सांगितलं तेव्हा तो मधाळ आवाजात म्हणाला, तुम्ही बऱ्या होऊन या हो ताई, मग बघू की. त्या ‘मग’चा अर्थ न कळायला आम्ही काही दुधखुळे नव्हतो. शिवाय पुढच्याच महिन्यात परवान्याची तपासणी होती, आणि बँकेतून धाकटीचा पगार काढायलाही ताईचीच सही लागत होती.

मुखत्यारपत्र करायचं ठरलं. जिची जुळी मुलं ताईकडे वाढली होती ती वकीलबाई घरी आली आणि तिनं समजावलं: मावशींच्या वतीनं करारावर, परवान्यावर, बँकेत दुसऱ्या माणसाला सही करता येईल. पण एक लक्षात ठेवा, हा कागद मावशी आहेत तोवरच. त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्याच क्षणी कागद संपला, त्यानंतरची सही फुकट.

“म्हणजे मला मरायला परवानगी नाही,” ताई म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

दुसरा माणूस कोण, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. सख्खा भाऊ, विधुर, रिकामटेकडा, आणि कागदपत्रांत उभा जन्म गेलेला. मी घरी जाऊन जुन्या टाइपरायटरवर मसुदासुद्धा करून टाकला. ‘माझे सख्खे बंधू’ हे शब्द टाइप करताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं.

ताईनं मसुदा वाचला, चांगला झालाय म्हणाली, आणि मला म्हणाली, आठवडाभर रोज येऊन दारावर बस, रीत शिकून घे. मी म्हटलं, त्यात काय शिकायचंय. पण गेलो. तीन दिवस सगळं सुरळीत पार पडलं. मी कार्डं बघितली, हातात हात दिले, एका पोराच्या बापाला बाकावर बसवताना तर मला माझी रेकॉर्ड रूम परत मिळाल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी कासवाला, म्हणजे कासवाच्या खुंटीवाल्या पोराला, न्यायला त्याचा काका आला. हा काका माझा रोजचा सकाळच्या फिरण्याचा सोबती. वीस वर्षांची ओळख, अत्यंत सज्जन माणूस. त्यानं हात केला, मी हात केला, कासव “काका” म्हणून धावत सुटलं आणि दोघं गेले. कार्ड मी काढलंच नाही. त्याला काय कार्ड विचारायचं?

दहा मिनिटांनी कासवाची आई आली. बाकावर बसली आणि म्हणाली, द्या आमचं ध्यान. मी सांगितलं, काका घेऊन गेले. तिनं विचारलं, कुठं? ते मला माहीत नव्हतं. तिनं काकाला फोन लावला. फोन काकाच्या घरीच वाजत होता, काकूनं उचलला, आणि ते पोराला आणायला जाणार आहेत हे काकूलाही माहीत नव्हतं. त्या बाईचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडत गेला.

मी धावलो. चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत, मग बाजाराच्या बाजूनं, मग उलट शाळेच्या बाजूनं, येईल त्याला विचारत. ताईची हालचाल डॉक्टरांनी बंद केलेली, ती खुर्चीत छातीवर हात ठेवून बसली होती. चाळीस मिनिटांनी काका आणि कासव बागेच्या फाटकातून हसत येताना दिसले. पोराला तळ्यातली बदकं दाखवायला नेलं होतं. वहिनीला आज उशीर होईल, आपण तेवढीच मदत करावी, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

परत आलो तेव्हा पाळणाघरात एकही पोर उरलं नव्हतं. मी धावत होतो त्या चाळीस मिनिटांत धाकटी दारात उभी होती. आत आणखी सहा पोरं होती. तिनं आधी आतली कडी लावली, कासवाच्या आईला पाणी दिलं, पोलिसांचा नंबर फळ्यावर लिहून तिच्या हातात फोन दिला, आणि मग येणाऱ्या प्रत्येकाला बाकावर बसवून, कार्ड बघून, काय खाल्लं किती झोपलं ते सांगून, सहाच्या सहा पोरं नीट हातात दिली. एकाचंही कार्ड तिनं सोडलं नाही. शेवटच्या पोराची आई म्हणे विचारत होती, आज मामा दिसत नाहीत ते.

ताई मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मसुदा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, बाकी सगळं असंच राहू दे, फक्त तुझ्या जागी धाकटीचं नाव घाल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तिला बँकेची पावती भरता येत नाही. घरमालक तिला दारातून परत पाठवील. अकरा वर्षं झाली म्हणून कुणी घरचं होत नाही. आणि असं बरंच काही म्हटलं, जे इथं लिहायची मला लाज वाटते. ताई सगळं ऐकत पोरांचे मोजे जोडीनं लावत होती.

“रागावून झालं की सांग,” ती म्हणाली.

“चूक एकदाच झाली माझी.”

“तुझं मन चांगलं आहे, बाब्या. ओळखीच्या माणसाला तू नाही म्हणू शकत नाहीस. मला काही झालं, तर तू धावत सुटशील. मला दारात उभं राहणारं माणूस पाहिजे.”

धाकटीला विचारलं तर ती माझ्याहून जास्त बिथरली. नको मावशी, माझ्या हातून चुकलं तर, मामाच बरे. ताईनं तिला एवढंच विचारलं, तू त्या दिवशी का धावली नाहीस? धाकटी म्हणाली, पोरं होती ना आत. ताईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मला आणखी लागलं.

मी टाइपरायटरपुढं बसलो आणि धाकटीला नाव विचारलं. अकरा वर्षांत मला तिचं नाव माहीत नव्हतं. ती सांगताना लाजली. छान, जुन्या वळणाचं चार अक्षरी नाव होतं. मी ते टाइप केलं, दोनदा तपासलं, आणि मनातल्या मनात ओशाळलो. मग आठवडाभर दुपारी पोरं झोपली की धाकटी पोरांच्या जुन्या चित्रांच्या मागं मेणखडूनं सही गिरवत बसे. हिरव्या खडूत तिची सही मी पहिल्यांदा पाहिली. अक्षर गोल, प्रत्येक अक्षराला पुरेसा वेळ दिलेलं.

नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून मीच गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, सख्खे भाऊ असताना मुखत्यार या बाई कशा? मी म्हटलं, तुम्ही तुमचा शिक्का मारा. पण ताईशी मी अबोलाच धरला होता. तिला दवाखान्यात सोडायला जायचो, आणायला जायचो, औषधं आणायचो, आणि कामापुरतं बोलायचो. साठी उलटलेल्या माणसाचा रुसवा दिसायला फार वाईट असतो. ती तो काढायच्या भानगडीत पडली नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सातला दवाखान्यात ताई हिरव्या झग्यात कॉटवर बसली होती. केसांची तिनं लहान मुलीसारखी वेणी घातली होती. नर्स संमतीचा फॉर्म घेऊन आली, जवळचं नातेवाईक कोण म्हणून विचारलं. आठ दिवसांचा साचलेला राग माझ्या तोंडून बाहेर पडला. मी म्हणालो, “ते मुखत्यारपत्र धाकटीच्या नावावर आहे. तिला बोलवा.”

नर्स गोंधळून दोघांकडे बघायला लागली. ताईनं मला जवळ बसायची खूण केली.

“त्या कागदात पाळणाघर आहे, बाब्या,” ती म्हणाली. “मी त्यात नाही. मी तुझ्याकडे आहे.”

मी फॉर्म घेतला. त्यात काय काय होऊ शकतं त्याची दीड पानी यादी होती. मला एक ओळही दिसेना. नर्सनं जागा दाखवली तिथं सही केली. ताईनं माझा हात थोपटला आणि सांगितलं, रडायचं तर बाहेर बस, इथं डॉक्टरांना त्रास होईल. आठ वाजता तिला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर मी बसून राहिलो. सव्वादहाला फोन वाजला. धाकटीचा होता. मागून पोरांचा कालवा ऐकू येत होता, आणि घरमालकाचा मधाळ आवाजही. तो कुणाला तरी सांगत होता की एवढी घाई कशाला, त्या येऊ देत की. वकीलबाई तिथं होती, करार टेबलावर होता, पेन धाकटीच्या हातात होतं.

“मामा,” ती म्हणाली, “मावशी आहेत ना?”

मला राग आला. म्हटलं, हे काय विचारणं झालं?

“वकीलबाईंनी सांगितलंय, त्या असतील तोवरच माझी सही. त्या आत आहेत आठपासून. मला कसं कळणार? विचारून सांगा. मग करते.”

कुणालाही ते कळलं नसतं. पाच मिनिटं आधी की नंतर, कोण बघायला बसलं होतं? माझ्यासारख्या कागदी माणसानंसुद्धा डोळे मिटून सही ठोकली असती आणि मग फोन केला असता. मी उठलो. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत जाताना मला समजलं की सकाळपासून हाच प्रश्न विचारायला मी घाबरत होतो.

दारातून एक नर्स बाहेर येत होती. मी विचारलं. ती म्हणाली, चालू आहे ऑपरेशन, हृदय थांबवलंय, मशीनवर आहेत.

“पण आहे ना?” मी विचारलं.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “आहेत हो काका. आहेत.”

फोन माझ्या हातात तसाच सुरू होता. धाकटी पलीकडे थांबली होती, आणि पोरांना कुणीतरी गप्प केलं होतं.

“आहे,” मी म्हणालो. “ताई आहे. तू कर सही.”

थोडा वेळ फक्त पेन कागदावरून सावकाश फिरल्याचा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं. मग ती म्हणाली, झाली, मालकांचीही घेतली, आणि फोन ठेवला. मी बाकावर येऊन बसलो आणि मनसोक्त रडलो. समोरच्या बाईनं मला पाणी आणून दिलं. बाहेर बसून रडायच्या त्या कामासाठी ताईनं निवडलेला माणूसही चुकीचा नव्हता.

दीड वाजता डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, छान झालं, त्यांचं हृदय आता आपलं आपण चालतंय. मी ताबडतोब धाकटीला फोन लावला. पहिल्यांदा लावला, दुसऱ्यांदा लावला. तिनं उचलला नाही. पोरं झोपायची वेळ होती, आणि त्या वेळेला ती कुणाचाच फोन घेत नाही.